डब्यावरचं हळदीकुंकू

शेवगावात नेट बंद पडलं की माणसं आधी राउटर बंद करून चालू करतात, मग त्याला एक चापट मारतात आणि अगदीच इलाज हरला की सत्यशीलाला फोन लावतात. इलाज हरल्याशिवाय लावत नाहीत, कारण बाई काम चोख करते, पण करता करता घरातल्या एकेकाला धुऊन काढते. तिच्या स्कूटीचा आवाज गल्लीत आला की घरातला कर्ता पुरुष काहीतरी काम आठवून मागच्या दारानं सटकतो, असं लोक सांगतात. सांगणारे थोडं वाढवून सांगतात, पण फार नाही.

तिचा खरा राग फुंकरीवर. फायबरची तार म्हणजे केसाएवढी काच. त्या काचेतून उजेड धावतो आणि त्या उजेडावर तुमचा सिनेमा, पोरांचा अभ्यास, रेशनचा अंगठा, सगळं घरापर्यंत येतं. तारेच्या टोकाला हिरव्या नाहीतर निळ्या प्लास्टिकचा कनेक्टर असतो, त्याच्या पुढे काडीएवढं पांढरं टोक आणि त्या टोकाच्या ऐन मधून उजेड बाहेर पडतो. तिथं धुळीचा एक कण बसला तरी वाट अडते. आता हे आपल्या माणसांना सांगायचं कोणी? नेट गेलं की ते कनेक्टर उपसणार, टोकावर फुंकर मारणार, शर्टाला घासणार आणि परत खुपसणार. स्टोव्हच्या पिनेपासून मोबाईलच्या चार्जरपर्यंत सगळं फुंकून चालवायची आपल्याला पिढीजात सवय.

"फुंकर मारता म्हणजे थुंकता त्याच्यावर," सत्यशीला म्हणायची. "देवापुढच्या निरांजनावर थुंकाल का? मग हा काय उजेड नाही?"

बांगड्यांचे दुकानदार गनीभाई तर एकदा कानातला अत्तराचा फाया काढून कनेक्टर पुसून बसले. कापूस मऊ, अत्तर उंची, त्यांच्या मते याहून चांगली साफसफाई नव्हती. सत्यशीलानं ते टोक भिंगाखाली धरलं तर सगळीकडे तेल रंगीत सायीसारखं पसरलेलं. ती जे काही बोलली ते ऐकायला शेजारचे दोन दुकानदार बाहेर आले. गनीभाईंनी शांतपणे सगळं ऐकून घेतलं, तिला चहा पाजला आणि वर म्हणाले, "बेटी, वास तर चांगला येतोय ना?"

हा काटेकोरपणा तिला आला नगरजवळच्या नागापूरच्या एमआयडीसीतून. लग्नाआधी ती तिथल्या एका कारखान्यात होती. काम एकच, फायबरच्या तुकड्यांना टोकं बसवायची, घासायची आणि भिंगातून तपासायची. डोक्याला टोपी, हातात मोजे, दाराशी चपला बदलायच्या. दिवसभर त्या पांढऱ्या गोल चकतीकडे बघून बघून तिची नजर अशी तयार झाली, की घरी भाकरी थापतानासुद्धा तिला पिठावरचा कण दिसायचा. लग्न होऊन शेवगावात आली, तेव्हा नवऱ्याचा, रंगनाथचा, केबल टीव्हीचा धंदा शेवटचे आचके देत होता. रंगनाथ मवाळ माणूस. गिऱ्हाईक गेलं तरी त्याला वाटायचं, त्यालाही काही अडचण असेल. सत्यशीलानं तो धंदा ओढून फायबरवर आणला. रंगनाथ दुकानात बसून तक्रारी ऐकून घेऊ लागला आणि ती बॅग घेऊन बाहेर फिरू लागली. ही वाटणी दोघांनाही मानवली, कारण ऐकून घेणं त्याला जमायचं आणि ऐकवणं तिला.

तिची पद्धत ठरलेली होती. आधी भिंगातून बघायचं. न बघता पुसायचं नाही आणि न बघता जोडायचं तर मुळीच नाही. घाण दिसली तर पेनासारख्या पुसणीनं एकदा टिचकी द्यायची, नाही गेली तर धागा न सुटणाऱ्या कागदावर अल्कोहोलचा थेंब, त्यावरून टोक एकाच दिशेनं ओढायचं आणि लगेच कोरड्यावर. मागेपुढे घासायचं नाही, कागदाची वापरलेली जागा परत वापरायची नाही. मग पुन्हा भिंग. आणि जोडणीच्या दोन्ही बाजू बघायच्या, कारण एक बाजू स्वच्छ आणि दुसरी घाण असली, तर जोडल्याबरोबर दोन्ही घाण. उजेड चालू असलेल्या टोकात डोळा घालायचा नाही, तो दिसत नाही पण डोळा घेऊन जातो. हे सगळं ती येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायची. रस्त्यानं तारा ओढणारे कामगार उघडी टोकं चिखलातून फरफटत नेताना दिसले, की ती स्कूटी थांबवून त्यांच्यावर तोंड सोडायची. ते दुसऱ्याच कोणाच्या कामावर असायचे, तिचा काही संबंध नसायचा, तरी सोडायची.

शेवगावच्या पूर्वेला, उसाचे मळे संपून कपाशी-तुरीची कोरडी जमीन लागते तिथं बेलपांढरी नावाचं गाव आहे. तिथली लाईन सत्यशीलाच सांभाळायची. ग्रामपंचायतीच्या इमारतीत मागच्या बाजूला एक खोली, तिच्या भिंतीवर फायबरचा लोखंडी डबा. त्या डब्यातून शाळेला, दूध संकलन केंद्राला, आरोग्य उपकेंद्राला आणि घरोघरी तारा गेलेल्या. डबा आजारी पडला की अख्खं गाव आजारी. त्या खोलीची किल्ली रतनबाईकडे असायची.

रतनबाई ग्रामपंचायतीची शिपाई. झाडलोट करायची, पाण्याची मोटर चालू-बंद करायची, कोणी साहेब आला की खुर्ची पुसून द्यायची. नवरा जाऊन बरीच वर्षं झालेली, मुलगा-सून शेतमजुरीला. घरातली एकच बांधलेली मिळकत म्हणजे तिचं हे काम आणि गावातला एकच मान म्हणजे कमरेला खोचलेला तो किल्ल्यांचा जुडगा. बाई बोलायला कमी, पण गावाची मोटर कधी उशिरा चालू झाली असं कोणाला आठवत नाही.

गणपतीत सत्यशीलानं त्या डब्यातली एक जुनी वायर बदलून नवी टाकली होती. तिथून पुढे लाईन लहरी झाली. कधी चालायची, कधी रुसायची. दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी तर पार बसली. त्या दिवशी ग्रामपंचायतीत रेशनकार्डाच्या अंगठ्यासाठी माणसं जमली होती. अंगठे टेकवून टेकवून लोक वैतागले आणि सगळ्यांचा राग फोनवरून सत्यशीलावर आला. ती शेवगावातून निघाली ती तापूनच.

खोलीचं दार उघडून बघते तर भिंतीवरचा डबा नवरीसारखा नटलेला. झाकणावर हळदीकुंकवाची बोटं, कडेला झेंडूची माळ, वर आपट्याची दोन पानं आणि खाली उदबत्तीची राख. खंडेनवमीला आपल्याकडे हत्यारं-अवजारं पुजतात. विळा, कुदळ, ट्रॅक्टर, पिठाची गिरणी, सगळ्याला हळदीकुंकू लागतं. रतनबाई दर वर्षी पाण्याच्या मोटरीला लावायची, ऑफिसातल्या कॉम्प्युटरला लावायची. या वर्षी तिनं या डब्यालाही लावलं होतं.

सत्यशीलाच्या डोक्यात तिडीक गेली. तिनं रतनबाईला हाक मारून बाहेर ओट्यावर, जमलेल्या माणसांच्या देखत उभं केलं.

"हे काय केलंय ओ बाई? ही काय मरीआईची मूर्ती आहे?"

"खंडेनवमी हुती, ताई," रतनबाई म्हणाली. "मोटरीला लावते तसं ह्याला बी लावलं. गावाला एवढं देतंय म्हनून."

"देतंय? आता देतंय का? बघा ही माणसं तिष्ठत उभी आहेत सकाळपासून. धुळीचा एक कण चालत नाही तिथं तुम्ही मूठभर हळद ओतली. उदबत्त्या ओवाळल्या. उद्या नारळ फोडा त्याच्यावर."

लोक हसले. ते हसू ऐकून सत्यशीलाला आणखी चेव आला.

"आतला डबा म्या उघडला न्हाई, ताई," रतनबाई म्हणाली. "वरनंच लावलं."

पण सत्यशीला ऐकायच्या पलीकडे गेली होती. "ही किल्ली या बाईकडे आहे तोपर्यंत मी या लाईनची जबाबदारी घेणार नाही," ती सरपंचांकडे वळून म्हणाली. "सांगून ठेवते."

उचलली जीभ आणि लावली टाळ्याला. मग ती आत गेली, कटर काढलं, आतल्या झाकणाला बांधलेली प्लास्टिकची पट्टी कचकन कापली, वायरचं टोक उपसलं, पुसणीच्या पेनानं दोनदा टिचकी दिली आणि परत लावलं. भिंग बॅगेतच राहिलं. समोर एवढी पिवळीधमक हळद दिसत असताना भिंग कशाला लागतंय? दिवा हिरवा झाला, अंगठे उमटू लागले आणि सत्यशीला कपाळाचा घाम पुसत स्कूटीवर बसली.

ओट्यावरच्या गर्दीत सरपंच गोरक्षनाथचा पुतण्या सुनील मोबाईल धरून उभा होता. ती गावाबाहेर पडायच्या आत तिचा व्हिडिओ गावभर झाला, तोही तिनंच चालू करून दिलेल्या लाईनवरून. सुनीलनं त्याला खाली नाव दिलं होतं, 'फायबरआईची पुजारीण'. त्यात सत्यशीला कमरेवर हात ठेवून बोलतेय, माणसं हसतायत आणि रतनबाई पदराचं टोक बोटाला गुंडाळत जमिनीकडे बघतेय. रंगनाथनं संध्याकाळी तो बायकोला दाखवला.

"बघ, फेमस झालीस."

सत्यशीलानं बघितला, मग परत एकदा बघितला. तिला तो आवडला. आपण बोललेलं एवढ्या माणसांनी ऐकलं, आता तरी लोक सुधारतील, असं ती म्हणाली. रंगनाथ एवढंच म्हणाला की ती म्हातारी फार खाली बघतेय. सत्यशीलानं त्याला विचारलं, मग काय करायला पाहिजे होतं, तिची पूजा?

पुढच्या मासिक सभेत ग्रामपंचायतीनं रतनबाईला कामावरून काढलं. "तांत्रिक मानसाचंच म्हननं हाय, आपन काय करनार," असं गोरक्षनाथनं सदस्यांना सांगितलं. सुनील बारावी होऊन घरीच बसला होता. किल्ल्यांचा जुडगा त्याच्याकडे गेला. हे ऐकल्यावर सत्यशीलाला जरा चुकल्यासारखं वाटलं, पण जराच. कडक वागल्याशिवाय कोणी शिकत नाही, हे तिनं कारखान्यात पाहिलं होतं. तिथं एक टोक घाण निघालं तर सगळी पेटी परत यायची.

दिवाळी झाली आणि बेलपांढरीची लाईन परत बसली.

ती गेली तेव्हा खोलीला कुलूप. सुनील गावात नव्हता, मित्राच्या गाडीवर बसून नगरला गेला होता आणि किल्ल्या त्याच्या खिशात. आरोग्य उपकेंद्रातली नर्स दारात येऊन वैतागून सांगत होती, की आठवड्यातले निम्मे दिवस हीच तऱ्हा, मोटरसुद्धा वेळेवर चालू होत नाही. शेवटी गोरक्षनाथच्या घरून दुसरी किल्ली आली. आत पाऊल टाकलं तर फरशीवर धुळीचा थर, कोपऱ्यात कोळ्याची जाळी. डब्यावर मात्र हळद नाही, कुंकू नाही, माळ नाही. सत्यशीलाला कोणावर ओरडावं ते समजेना.

मग तिनं भिंग काढलं. कंपनीकडून येणारा उजेड बंद करून घेतला, वायर उपसली आणि टोक भिंगाखाली धरलं. भिंगाच्या छोट्या पडद्यावर गोल चकती आली आणि तिच्यावर ऐन मध्याला वेढून एक मळकट, तेलकट कडं. हळदीचा कण नाही, कुंकवाचा ठिपका नाही. हे कडं तिच्या चांगलं ओळखीचं होतं. नव्या वायरच्या टोकावर प्लास्टिकचं टोपण असतं. लोकांना वाटतं टोपण आहे म्हणजे आत स्वच्छ. पण पुष्कळदा त्या टोपणाचाच चिकटपणा टोकाला लागतो. म्हणून कोरी करकरीत वायर पाकिटातून काढली तरी आधी भिंगाखाली धरायची, हे तिनं किती जणांना ओरडून सांगितलं असेल. तिनं डब्याच्या आतली बाजू तपासली. तिथंही तंतोतंत तेच कडं, दाबून दाबून बसलेलं. दसऱ्याला तिनं वायरची एकच बाजू पुसली होती. आतल्या घाणीनं ती पुन्हा माखली होती.

गणपतीतला दिवस तिला लख्ख आठवला. कोणत्या तरी ठेकेदाराशी तारा चिखलात टाकण्यावरून फोनवर भांडण चाललं होतं. फोन खांद्यानं कानाशी दाबून धरलेला, तोंड चालू, आणि एका हातानं तिनं नव्या वायरचं टोपण काढून टोक तसंच डब्यात खुपसलं होतं. दुसऱ्याला स्वच्छता शिकवता शिकवता. मग झाकण लावून तिनं प्लास्टिकची पट्टी आवळून बांधली होती, आणि दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी ती पट्टी तिनं स्वतःच्या हातानं कापली होती. पट्टी शाबूत होती म्हणजे मधल्या काळात आतलं झाकण कोणीही उघडलेलं नव्हतं. रतनबाई तेच सांगत होती. भर माणसांत, दोन वाक्यांत, स्पष्ट सांगत होती.

सत्यशीला तिथंच फरशीवरच्या धुळीत बसली. चोर सोडून संन्याशाला फाशी दिली होती तिनं, आणि चोर कोण, तर ती. आजवर गिऱ्हाइकांसाठी राखून ठेवलेले सगळे शब्द तिनं त्या रिकाम्या खोलीत स्वतःला घातले. शब्द भरपूर होते. मग उठून दोन्ही बाजू नीट पुसल्या, बघितल्या, परत पुसल्या, परत बघितल्या आणि जोडल्या. उजेड मोजायच्या मीटरवर आकडा कधी नव्हे इतका चांगला आला. त्या आकड्याचासुद्धा तिला राग आला.

तिथून ती तडक गोरक्षनाथच्या घरी गेली. तो ओसरीवर सुपारी कातरत बसला होता. तिनं सगळं सांगितलं. गोरक्षनाथनं अडकित्ता बाजूला ठेवला, तिला पाणी मागवलं आणि गोड आवाजात म्हणाला, "लाईन चालू झाली न्हवं, ताई? मग झालं. झाली गेली गोष्ट उकरून कुनाचं भलं व्हनार हाय?"

"रतनबाईचं होणार आहे. तिला परत घ्या."

"तुमच्याच तोंडानं काढली तिला. आता तुमी तोंड फिरवलं तर लोक काय म्हनतील? म्हनतील, ह्या बाईला तिचंच काम कळंना. उद्या दुसरा कोन लाईन सांभाळायला येतो म्हनला, तर आमी तरी काय सांगनार?"

तो धमकी देत नव्हता. तो तिची काळजी घेत होता. तिला दिसलं की आपली जीभ या माणसानं फुकटात वापरून घेतली, पुतण्याला कामावर चिकटवायचं होतं, त्यासाठी त्याला काठी पाहिजे होती आणि ती आपण पुरवली. वर हा माणूस आपल्यालाच सांभाळून घेतोय. तिनं पाण्याचा तांब्या न पिता तसाच खाली ठेवला.

संध्याकाळी दूध घालायची वेळ. संकलन केंद्र ग्रामपंचायतीच्या समोरच, किटल्या घेऊन बायका-पुरुष रांगेत उभे. सुनील नगरहून परतला होता, पारावर मोबाईल बघत बसला होता. सत्यशीला त्याच ओट्यावर चढली.

"सुनील, इकडे ये. कर रेकॉर्ड."

"आता काय झालं, ताई?"

"मोबाईल धर सरळ. त्या दिवशी सांगायला लागलं नव्हतं तुला."

त्यानं मोबाईल धरला. सत्यशीलाचा आवाज नेहमीचाच होता, चढा आणि खणखणीत, कारण तिला दुसरा आवाज येत नव्हता.

"दसऱ्याला मी इथं उभी राहून रतनबाईला बोलले, की तिच्या हळदीकुंकवानं लाईन गेली. ते खोटं होतं. तिनं डब्याला वरून बोट लावलं, आत हात घातला नव्हता. आतली पट्टी मी बांधलेली, मीच कापलेली. आत घाण घातली ती मी. नवीन वायर न बघता खुपसली. लोक अडाणी, लोक घाण, असं तोंड वाजवत फिरते मी, आणि एवढ्या मोठ्या गावाची लाईन दोन महिने मीच घाण करून ठेवली. त्या बाईचं काम माझ्यामुळे गेलं. ती खरं सांगत होती आणि मी तिला बोलू दिलं नाही. आता ज्यांनी तिला काढलं त्यांनी तिला परत घ्यावं."

 रांगेतल्या एका म्हाताऱ्यानं किटली खाली ठेवली आणि म्हणाला, "आन् मोटर बी येळंवर चालू हुईल." नर्स शेजारच्या उपकेंद्राच्या दारातून म्हणाली, की नेट अडलं की खोलीच्या किल्लीसाठी तिला गावभर फिरावं लागतं. एकदा तोंड फुटल्यावर बायका बोलायला लागल्या. कोणाला पाणी मिळालं नव्हतं, कोणाच्या अंगणात ऑफिसचा कचरा आला होता. रतनबाईवर अन्याय झाला म्हणून बेलपांढरी पेटून उठली, असं म्हणायला मला आवडलं असतं. पण गाव उठलं ते पाण्यासाठी आणि कचऱ्यासाठी. गोरक्षनाथ पलीकडच्या आपल्या घराच्या ओसरीवरून सगळं ऐकत होता. निवडणूक जवळ आलेली, त्याला हिशेब कोणी शिकवायला नको.

दुसऱ्या दिवशी सकाळी सुनील रतनबाईच्या घरी जाऊन किल्ल्या ठेवून आला. हे कळल्यावर सत्यशीला पुन्हा बेलपांढरीला निघाली. आपण जे बिघडवलं ते आपण दुरुस्त केलं, असं तिला वाटेत वाटू लागलं होतं. बाईचा स्वभाव असा, की कामाची तड लागली की तिला हलकं वाटायचं.

रतनबाई दारात कपाशीच्या बोंडांतला कापूस काढत बसली होती. काम गेल्यापासून ती दुसऱ्याच्या रानात वेचणीला जायची, बोटं बोंडांच्या टोकांनी खरचटलेली. किल्ल्यांचा जुडगा उंबऱ्यावर सुनीलनं ठेवला होता तसाच पडून होता.

"किल्ल्या घेतल्या नाहीत का, मावशी?" सत्यशीलानं विचारलं.

रतनबाईनं वर बघितलं नाही. "किल्ल्या आल्या. नाव कुठं आलं?"

"काल मी सगळ्यांसमोर सांगितलं. रेकॉर्डसुद्धा केलंय."

"म्या बी बघितलं. सुनेच्या मोबाईलवर. चांगलं बोललात." तिनं बोंड सोललं, कापूस टोपलीत टाकला. "पर तुमचा पयला व्हिडिओ गावानं एकमेकाला धाडला. पोरं मला बघून घंटी वाजवल्यागत करत्यात. दुकानात गेले तर म्हनत्यात, आल्या पुजारीनबाई. हा दुसरा कुनी धाडला? सुनेला इचारा. ज्यो बघतो त्यो म्हनतो बरं झालं, आन् मोबाईल खिशात ठिवतो."

हे खरं होतं. रंगनाथनं सकाळीच सांगितलं होतं, की नव्या व्हिडिओत कोणी हसत नाही म्हणून तो पुढे सरकत नाही. सत्यशीलाला रंगनाथचा राग आला होता, जणू ती त्याचीच चूक होती.

"मी प्रत्येक घरात जाऊन सांगते," ती म्हणाली. "इथली सगळी घरं माझ्या लाईनवर आहेत. उंबरठ्यावर उभी राहून सांगते."

"सांगा. सांगाच." आता रतनबाईनं मान वर केली. तिचा आवाज चढला नव्हता, पण त्यात राग होता आणि तो लपवायची तिला गरज वाटत नव्हती. "आन् माझ्या माहेरी कोन सांगनार? दिवाळीला भावाकडं गेल्ते. भाऊबीजेला ताट हातात घेतलं, तर भावजयीच्या पोरानं सगळ्यांम्होरं त्योच व्हिडिओ लावला. भाऊ बी हसला. सख्खा भाऊ. म्या ओवाळलं आन् त्याच दिशी परत आले. इतकी वर्सं कमरंला किल्ल्या लावून माहेरी जायचे मी. भाऊ लोकान्ला सांगायचा, आमची आक्का सरकारी कामाला हाय. तुमी माझं काम घेतलं ते परत दिलंत. त्ये माहेर कसं परत देनार, बाई?"

  सत्यशीलानं टोपलीतल्या कापसाकडे बघत विचारलं,

"कुठलं गाव तुमचं?"

"कर्जतच्या पल्याड. लई लांब हाय."

सत्यशीला स्कूटीपाशी गेली. पाय ठेवायच्या जागेवर तिची हत्यारांची बॅग असायची, भिंग, पुसण्या, मीटर, सगळं तिच्यात. ती बॅग तिनं उचलून आणली, रतनबाईच्या ओसरीवर ठेवली आणि सुनेला म्हणाली, "सांभाळ, कोणाला हात लावू देऊ नको." रंगनाथला फोन करून सांगितलं, की आज तक्रारी आल्या तर त्यानं नुसत्या ऐकाव्यात, ती संध्याकाळपर्यंत येत नाही.

"बसा मागं, मावशी."

रतनबाईनं तिच्याकडे नीट बघून घेतलं, बाई चेष्टा करतेय की काय म्हणून. मग टोपली बाजूला सारली, हात झटकले, उंबऱ्यावरचा जुडगा उचलून कमरेला खोचला आणि पदर आवळून मागच्या सीटवर बसली. गाडी चालू व्हायच्या आत तिनं सत्यशीलाच्या खांद्यावर हात ठेवला, धरायला म्हणून.

"तिथं गेल्यावर आधी च्या घ्यायचा न्हाई," ती म्हणाली. "भाऊ आग्रह करंल. तुमी आधी बोलायचं. उभ्यानं."

"बरं," सत्यशीला म्हणाली आणि तिनं गाडी रस्त्याला लावली.